भोंग्यातली पोरगी

लटारू मेश्रामचं दुकान वडशाला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. छोट्या लाईनची गाडी आली की फाटक पडे. फाटक पडलं की सायकली, बैलबंड्या, धानाचे ट्रक सगळे त्याच्या दारात अडत, आणि अडलेला माणूस काहीतरी विचारल्याशिवाय राहत नाही.

"लटारूभाऊ, रेडिओ खरखर करून राह्यला."

"लटारूभाऊ, टेप कॅसेट खाऊन राह्यला. कालपासून तीन खाल्ल्या."

एक पत्रूबुवा होते, ते तर असं विचारत जणू लटारूनंच दरोडा घातला आहे: "माह्या रेडिओत पहिले नागपूर लागे. आता तेलुगू लागते. नागपूर कुठी गेलं?"

लटारू पेचकस कानामागे खोवून शांतपणे म्हणे, "इथीच असन बुवा. पाहतो."

दुकानाच्या पाटीवर तीन ओळी होत्या. 'लटारू रेडिओज.' 'रेडिओ, टेप दुरुस्ती.' आणि तिसरी, खरी पोटाची ओळ: 'कॅसेट भरून मिळेल.' गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणून देई, कागदावर गाण्यांची यादी देई, आणि दुसऱ्या दिवशी भरलेली कॅसेट घेऊन जाई. गाणं कुणी केलं, कुणी म्हटलं, त्याला विचारलं का, हा प्रश्न त्या फाटकाजवळ कधी कुणाला पडला नाही. घागर भरावी, पोतं भरावं, तशी कॅसेट भरायची. भरण्यात चोरी कुठून आली?

लटारूला एकच शौक होता. भरलेल्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला तो स्वतः बोले. आणि बोले तेव्हा तो वडशाचा राहतच नसे, थेट आकाशवाणीचा होई. छाती भरून, श्वास रोखून, एकेक अक्षर धुऊन पुसून: "नमस्कार. लटारू रेडिओज, रेल्वे फाटकाजवळ, वडसा, आपल्यासाठी सादर करीत आहे..."

त्याची बायको कांता आतून ओरडे, "सादर करीत आहे म्हणते! घरी त 'चाय टाक वो' म्हणते!"

"ते घरचं बोलणं व्हय. हे दुकानचं."

"मंग मले बी दुकानातच ठेव. तेवढंच चांगलं आयकाले भेटन."

१९८२ च्या उन्हाळ्यात कुरखेड्याकडच्या सावरटोल्यात एक लग्न होतं. लटारू तिथे भोंगे बांधायला गेला होता. भोंगे बांधून झाले, वीज येईना, म्हणून तो मांडवाच्या कडेला बिडी ओढत बसला. आतून एका बाईचा आवाज आला आणि बिडी हातातच विझली.

ती सुगंधाबाई. पन्नाशीची, काळी, ठेंगणी, तोंडात तंबाखूची गोळी. आजूबाजूच्या तीसेक गावांतलं लग्न तिच्याशिवाय लागत नसे. हळदीला रडवणारी तीच आणि पंगतीला हसवणारी तीच. तिची गाणी पाठ केलेली नसत. समोर जो दिसेल त्याला ती गाण्यात ओढी. त्या दिवशी नवरदेवाकडचे लोक आंबेटोल्याचे होते, मिशांना पीळ देऊन आलेले. चपला चोरीला जातील म्हणून त्यांनी त्या एका पोत्यात भरून पोतं जवळ घेतलं होतं. सुगंधाबाईनं ते पाहिलं मात्र:

आंबेटोल्याचे वऱ्हाडी, मोठ्या मिशावाले,
जेवणाआधी चपला आपल्या पोत्यात भरून आले!

सगळा मांडव पोट धरून हसला. नवरदेवाचा मामा पोत्यावर बसला होता, तो उठावं की बसावं या विचारात अर्धा उठून तसाच राहिला.

लटारूजवळ सेलवरचा टेप होता. बाईला सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण मशीन दिसली की जुन्या बाया पदर तोंडात धरतात, गळा आखडतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं तो एका पालथ्या टोपलीखाली ठेवला आणि टोपली बायकांच्या मागे सरकवली. गाणं झाल्यावर सांगू, असं ठरवलं. गाणं झाल्यावर वीज आली, भोंगे लावायचे होते, राहून गेलं.

ती कॅसेट त्यानं घरी दहा वेळा ऐकली. मग सुरुवातीला आपलं 'सादर करीत आहे' टाकलं, मध्ये एका ठिकाणी गाण्यावरच पुन्हा टाकलं, आणि वर लिहिलं: 'लग्नाची गाणी, झाडीपट्टी'. बाईचं नाव लिहायला जागा नव्हती असं नाही. सुचलं नाही, एवढंच.

कॅसेट वणव्यासारखी पसरली. आरमोरी, ब्रह्मपुरी, गडचिरोली, कुठून कुठून लोक येत. "ते चपलावाली द्या." ज्याच्या घरी आंबेटोल्याचा कुत्रासुद्धा येणार नव्हता, त्याच्याही मांडवात आंबेटोल्याच्या मिशा गाजत. आंबेटोल्याची चार माणसं एकदा दुकानावर भांडायला आली, अन् जाताना दोन कॅसेटी घेऊन गेली. लटारू छाती फुगवून सांगे, "बाईले म्या जिल्हाभर नेलं. नाही त कोण वळखे?"

मूळ कॅसेट मात्र त्यानं फडताळात जपून ठेवली होती. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक चौकोनी पापुद्रे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही भरता येत नाही. लटारू त्यांना कान म्हणे. फडताळातल्या एकूणएक मूळ कॅसेटींचे कान त्यानं मोडलेले होते. फक्त सुगंधाबाईच्या कॅसेटचे ठेवले होते. कांतानं विचारलं तर म्हणाला, "सिनेमावाल्यायचे तोडले त तोडले. आपल्या माणसाचे कान तोडाचे का? म्हातारी बाई, मायच्या जागी."

आणि तिथेच घात झाला.

चार वर्षांनी चंद्रपूरच्या एका वीजवाल्या इंजिनियरसाहेबाची बदली झाली. लटारू त्यांचा टीव्ही नीट करायला गेला तेव्हा सामानात एक वहीएवढी काळी पेटी पडली होती, वर खोडरबराच्या कळा. "कम्प्युटर आहे," साहेब म्हणाले. "टीव्हीला जोडायचा. मुलं खेळायची. आता कंटाळली." दुरुस्तीच्या मजुरीऐवजी लटारूनं ती पेटी मागून घेतली.

तिच्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. लटारू आठवी नापास, कांता दहावी पास. ती डिक्शनरी घेऊन वाची, तो कळा दाबी. चुकलं की पडद्यावर इंग्रजीत ताशेरा येई. "काय म्हणते?" लटारू विचारी. "तुह्या बोलण्याले अर्थ नाई म्हणते," कांता सांगे. "एवढीशी पेटी, पण बरोब्बर वळखलं तिनं तुले."

सहा महिन्यांनी त्याला कळलं की त्या पेटीत खेळ नुसता खेळता येत नाही, करताही येतो. मग मात्र तो वेडा झाला. त्यानं एक खेळ रचायला घेतला. मोहाचं झाड, वरून फुलं पडताहेत, खाली एक बाई टोपली घेऊन वेचते आहे, आणि डावीकडून अस्वल येतं. लटारूची आई त्याला लहानपणी पहाटे मोहफुलं वेचायला नेई आणि अस्वलाच्या भीतीनं तो तिचं लुगडं सोडत नसे. सगळं तसंच त्याला पडद्यावर पाहिजे होतं. अस्वलाची चाल जमायला दोन महिने गेले. आधी ते डुकरासारखं धावे, मग बैलासारखं, मग एकदा कांता म्हणाली, "आता पत्रूबुवावानी चालते," तेव्हा बरोबर अस्वल झालं.

मराठी अक्षरं त्या पेटीत नव्हती. पण आपल्या मनाची एकवीस चित्रं तिच्यात काढता येत. लटारूनं ठिपके मोजून मोजून एकवीस अक्षरं काढली, त्यातच सगळं बसवलं. सुरुवातीला 'मोहाची टोपली', खाली 'लटारू, वडसा', आणि शेवटी, अस्वलानं धरलं की 'खेळ सरला'. त्याचा 'स' थोडा लंगडा निघाला होता, शेपूट खाली लोंबणारा. तो सुधारायला ठिपकाच उरला नव्हता.

पेटीला एकच रोग होता. वीज गेली की सगळं पुसलं जाई. म्हणून लिहिलेलं घडोघडी कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे. खेळ कॅसेटवर उतरताना चीं करून आवाज येई, जशा हजार रातकिड्यांना कुणी पोत्यात घालून पिळतं आहे. चैत्रातल्या एका दुपारी बल्ब पिवळा पडून लपलपू लागला. आता जाणार! पेटीत महिन्याभराचं काम. लटारूनं फडताळात हात घातला, पहिली कॅसेट लावली, कळ दबेना, कान मोडलेले. दुसरी, तीही नाही. तिसरी, चौथी. पाचवीची कळ दबली. चीं करून खेळ उतरला आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटानं वीज गेली. लटारूनं अंधाऱ्या दुकानात कॅसेटचा मुका घेतला.

वीज आल्यावर कॅसेट उलटून पाहिली, तर त्याच्याच अक्षरात: 'लग्नाची गाणी, झाडीपट्टी'.

चपलांचं गाणं जिथे होतं तिथेच रातकिडे ओरडत होते. थोडा वेळ लटारूला बसवेना. मग त्यानं मनाला समजावलं, "बंद्या जिल्ह्यात बाईच्याच कॅसेटी आहेत. कोणाची बी आणून भरून घेऊ." आणि तो पुन्हा अस्वलाकडे वळला.

खेळ पुरा झाला. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्यानं टीव्ही मांडून तो लावला तर पोट्ट्यांची ही रांग. नागपूरच्या एका दुकानदाराला कुणीतरी सांगितलं. तो आला, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, म्हणाला, "अच्छा बनाया, भाई. कॅसेट दे दो, देख के बताता हूँ. पसंद आया तो कंपनी को बेचेंगे, तेरा नाम आयेगा." आठ दिवसांनी कॅसेट परत पाठवली, सोबत चिठ्ठी: बच्चों का खेल है, नहीं चलेगा.

लटारू कांताला म्हणाला, "चालत नाई म्हणते. जाऊ दे. पण माणूस इमानदार व्हय. कॅसेट वापस पाठवली."

कॅसेट परत आली, म्हणजे काहीच गेलं नाही, असं त्याला वाटलं. जन्मभर कॅसेटी भरणाऱ्या माणसाला असं वाटलं!

१९८८ च्या चैत्रात तो सुटे भाग आणायला चंद्रपूरला गेला होता. महाकालीची जत्रा भरलेली. पाळणे, मौत का कुआँ, आणि त्यांच्या मध्ये एक तंबू, त्यात चार टीव्ही. दारात एक पंचविशीचा माणूस घसा ताणून ओरडत होता, "याऽ या याऽ! व्हिडिओ गेम, व्हिडिओ गेम! रानी को बचाव, भालू को भगाव, आठाने में जंगल घूम के आव!"

भालू म्हटल्यावर लटारू आत शिरला. पडद्यावर मोहाचं झाड होतं. खाली त्याची आई वेचत होती. डावीकडून पत्रूबुवांच्या चालीनं अस्वल आलं. सुरुवातीच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत 'जंगल की रानी' आणि नागपूरच्या त्या दुकानाचं नाव. बाकी सगळं तेच. अस्वलानं धरल्यावर खाली आलं, 'खेळ सरला', लंगडा 'स' शेपूट लोंबवून.

"हा खेळ माहा व्हय," लटारू म्हणाला.

"हाव, आठ आणे द्या, मंग तुमचाच," तंबूवाला म्हणाला. त्याचं नाव खुशाल, आरमोरीचा.

"तसं नाई गा. म्या बनवला. लटारू, वडसा. इथी नाव होतं."

"कुठी आहे?"

"काढलं."

"काढलं त मंग नाईच ना!" खुशाल बाकीच्यांकडे बघून हसला. "पहा भाऊ, म्या नागपूरहून रोख देऊन आणला. बिल आहे माह्यापाशी. माही चोरी कशी होते?"

"तुही नाई. पण ज्यानं दोन वर्सं डोळे फोडले त्याले काय? त्याले कोणी विचारलं का? नाव पुसून टाकाचं अन् आपलं लावाचं, हे कोणतं..." राग अनावर झाला की लटारूची भाषा आपोआप दुकानची होई. तो छाती भरून, एकेक अक्षर धुऊन म्हणाला, "हा खेळ मी तयार केला आहे. आणि माझं नाव घेतल्याशिवाय तो कुणीही सादर करू नये."

खुशालचा हात हवेतच राहिला. "थांबा, थांबा. अखीन एकदा म्हणा."

"काय?"

"'सादर'. सादर म्हणा." आणि मग त्याचा चेहरा उजळला. "अरे बाप! तुमी 'लटारू रेडिओज, रेल्वे फाटकाजवळ, वडसा' त नाई व्हय? चपलावाल्या कॅसेटमंदी!" त्यानं नाकपुड्या फुगवून हुबेहूब काढून दाखवलं, "'आपल्यासाठी सादरऽ करीत आहे!' आमच्या घरी पोट्टे तुमची नक्कल करते ना भाऊ! बंद्या आरमोरीत तुमचा आवाज वळखते!"

तंबूतली माणसं वळून बघू लागली. लटारूला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

"बरं, ते बाई कोण व्हय हो?" खुशाल म्हणाला. "गाणारी. माही माय लगित, हात धुऊन मांगं लागली होती. बहिणीच्या लगनाले त्या बाईलेच बलावू म्हणे, लुगडं देऊ, मानपान करू. पण नावच नाई ना कुठी. कॅसेटभर तुमचंच नाव."

लटारूनं तोंड उघडलं. "सुगंधाबाई. सावरटोल्याची."

"आता काय कराचं. लगन झालं, दोन वर्सं झाले. कॅसेटच लावली मंग." खुशालनं स्टूल पुसून पुढे केलं. "बसा ना भाऊ. एक डाव खेळून घ्या. तुमच्यापासून आठ आणे नाई घेत."

लटारू बसला. पहिल्याच फुलाला अस्वलानं त्याला धरलं.

घरी आल्यावर त्यानं नागपूरवाल्याला शिव्या घातल्या नाहीत, तेव्हाच कांता समजली की काहीतरी दुसरं बिनसलं आहे. त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "सुगंधाबाईले कॅसेट नेऊन देतो. सांगतो सगळं. माफी मांगतो."

"सा वर्सांनी?"

"हाव. सा वर्सांनी."

पण न्यायची कुठून? मूळ कॅसेटीत रातकिडे. लटारू सायकल घेऊन गावोगाव फिरला. ज्याच्याकडे मागावी त्याच्याकडे आरमोरीच्या भावाची भरलेली, त्या भावाकडे कुणा मेहुण्याची भरलेली. भरलेल्याची भरलेली, तिची पुन्हा भरलेली. प्रत्येक टेपाची चाल वेगळी, त्यामुळे दर भरण्यात आवाज थोडा पळत गेला, थोडा चिरकत गेला. शेवटी एका मंडपवाल्याकडची त्यातल्या त्यात बरी निघाली. सुगंधाबाईचा भरदार आवाज तिच्यात सुतासारखा झाला होता. लटारूचा 'सादर करीत आहे' मात्र ठणठणीत होता. तोंडाशी टेप धरून बोललेला ना.

त्यानं पातं घेऊन फीत कापली. जिथे जिथे आपण बोललो तो तुकडा काढून फेकला, चिकटपट्टीनं जोडलं. मधल्या ठिकाणी तो गाण्यावरच बोलला होता, तिथे गाण्याची दीड ओळ गेली.

कांता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आपलं नाव काढून राह्यला ते तिचं लावाले, का सोताले लपवाले?"

लटारूनं चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा फाडला.

मे महिना लागला होता. एके काळी हा महिना सुगंधाबाईला घरी जेवू देत नसे, एका मांडवातून दुसऱ्या मांडवात. लटारू सावरटोल्याला पोचला तेव्हा ती अंगणात तेंदूपानांची पुडकी बांधत बसली होती. बोटं पानांच्या चिकानं काळी. पाठ वाकलेली. बोलताना दम लागे.

"कोण व्हय गा?"

"मी लटारू, बाई. वडशाचा. रेडिओवाला."

"माह्याकडे रेडिओ नाई बापा."

"दुरुस्तीले नाई आलो. एक गाणं आयकवाले आणलं."

"मले?" तिला गंमत वाटली. "आजवर मीच दुसऱ्याले आयकवत आली. लाव, लाव. पानं बांधता बांधता आयकते."

वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती. गाणं होऊ द्यावं, मग सांगावं. त्यानं कळ दाबली.

आंबेटोल्याचे वऱ्हाडी सुरू झाले आणि बाईचे हात पुडक्यावरच थांबले. तिनं मान तिरपी केली. चेहरा कडू झाला.

"हीच व्हय," ती म्हणाली.

"कोण, बाई?"

"भोंग्यातली पोरगी." तिनं बाजूला पिंक टाकली. "गावाच्या त्या टोकाले लगन असलं का इथवर आयकू येते. कोणाची व्हय कोणाले मालूम. सुरुवातीले कोणी माणूस बोलते, ते इथवर समजत नाई. गाणं माह्यं, चाल माही. हे आंबेटोल्याचं त म्याच जोडलं होतं, इथीच, चैतरामच्या पोरीच्या लगनात. हे कुठून शिकली का माहीत. अन् आवाज पाय कसा, चिलटावानी. पण लोकायले तेच गोड लागते."

लटारूनं टेपचा आवाज थोडा कमी केला.

"तवापासून मले कोणी बलावत नाई. कायले बलावन? हे येते ना, भोंग्यात बसून. चाय मांगत नाई, लुगडं मांगत नाई, थकत नाई. पहिले मले वाटे, येवढ्या वर्सी नसन बलावलं, पुढच्या वर्सी बलावन. पाच वर्सं झाले." दम घेऊन ती पुन्हा ऐकू लागली. मग स्वतःशीच म्हणाली, "लगित कमावली असन हिनं."

"नाई बाई," लटारू म्हणाला. "तिले काईच भेटलं नाई."

"काऊन?"

"तिले कोणी विचारलंच नाई. जो कॅसेट भरते, तो घेते."

"अन् नाव? नाव त झालं असन."

"नाव बी नाई. भरणाऱ्याचंच नाव."

हातातलं पुडकं सुगंधाबाईनं खाली ठेवलं. "मेली," ती म्हणाली, पण शिवीसारखं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली, आणि ओंजळ भरून तांदूळ घेऊन आली.

"फडकं कर पुढं."

"हे कायले, बाई?"

"आमच्यात असंच व्हय. बसून गाणं आयकलं का पसाभर तांदूळ देल्याबिगर उठाचं नाई. दुरून आयकलं तवा म्या तिले शिव्या देल्या. पण आज बसून आयकलं ना? तिचे तिले भेटाले पाह्यजे. नेऊन दे."

लटारूनं रुमाल पसरला. तांदूळ पडले, थोडे तेंदूपानांवर सांडले. तिनं तेही वेचून रुमालात टाकले.

"काय नाव तिचं?"

"सुगंधाबाई."

ती एकदम खदखदून हसली, तंबाखूनं काळे झालेले दात दिसले. "बाप्पा! नाव बी माह्यंच उचललं का वो तिनं!"

"बाई, ते तुमीच व्हय," लटारू म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. चैतरामच्या मांडवातली पालथी टोपली, दुकान, कॅसेटी, आंबेटोल्याचे भांडायला आलेले लोक, आरमोरीची ती म्हातारी जी लुगडं घेऊन वाट पाहत होती, मूळ कॅसेटीवर काय झालं तेही. सांगताना त्याचा आवाज दुकानचा झाला नाही. अडखळत, घरच्या बोलीत सांगितलं.

सुगंधाबाई मशीनकडे बघत राहिली. "लाव बरं अखीन एकदा."

त्यानं फीत मागे घेतली, पुन्हा लावली. ती मशीनजवळ सरकून बसली आणि हळूच त्या आवाजाबरोबर म्हणू लागली. तिचा आवाज जाड, फाटलेला, खाली खाली उतरणारा. भोंग्यातली पोरगी वर, बारीक, भराभर पुढे पळणारी. 'मोठ्या मिशा'पर्यंत ती कशीबशी तिच्यामागे गेली. 'चपला'ला दम तुटला. खोकला आला.

"नाई," ती म्हणाली. "हे मी नाई."

लटारूनं टेप बंद केला.

ती पानांकडे बघत होती. पुडकं उचललं, दोरी तोंडात धरली, मग पुन्हा काढली.

"अन् मी असन," ती म्हणाली, "त मंग पाच वर्सं म्या शिव्या कोणाले देल्या?"

लटारूच्या रुमालात पसाभर तांदूळ होते. ते तिच्यापुढे ठेवावेत की बांधून न्यावेत हे त्याला कळेना. तिनं पुढचं पान उचललं होतं आणि देठ जुळवत होती.